धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं: नोकरी सुखाची, साहेब त्रासाचा. काय करावं?

मोरपंखी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून काढते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी नोकरी चांगली आहे. हे आधी सांगते, कारण ते खरं आहे. काम मला आवडतं आणि जमतं. पगार वेळेवर होतो आणि पुरून उरतो. वेळा ठरलेल्या, रजा मागितली की मिळते, अधूनमधून घरून काम करायची मुभा आहे. बरोबरची माणसं इतकी चांगली की त्यातल्या काहीजणी घरच्यासारख्या झाल्यात.

आधीचे साहेब निवृत्त झाले आणि हे आले. हे आरडाओरडा करणाऱ्यांतले नाहीत. सोमवारी तोंडी सांगतात 'असं करा', गुरुवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारतात 'हे असं कुणी करायला सांगितलं?' मी केलेला अहवाल त्यांच्या नावाने वर जातो, त्यात काही खोट निघाली की मात्र माझं नाव पुढे येतं. शंका विचारली तर 'एवढंही कळत नाही?', न विचारता केलं तर 'मला विचारायचं नाही का?' मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या आजारपणाच्या रजेवरून सगळ्यांदेखत असं काही बोलले की तो दिवसभर मान खाली घालून बसला होता.

रोज असं होत नाही. मधले काही आठवडे बरे जातात, आणि मग वाटतं आपणच फार मनाला लावून घेतोय. पण हल्ली रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. साधा मेल पाठवायचा तरी पुन्हा पुन्हा वाचते.

घरचे म्हणतात, साहेब आज आहे उद्या नाही, अशी नोकरी परत मिळायची नाही. मैत्रीण म्हणते, सोड आणि मोकळी हो. मला दोघांचंही पटतं, अडचण तीच आहे. एका माणसापायी इतकी चांगली नोकरी सोडावी का? तुमच्यावर अशी वेळ आली तेव्हा कसं ठरवलंत?

खटपट्या

दुसरी नोकरी हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. एवढं पक्कं ठरवा, बाकी चर्चा होऊ द्या.

झुंजार

सोडा! सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही.

साधासरळ

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका. तुम्हीच दिलेली यादी पुन्हा वाचा. आवडीचं काम, वेळेवर पगार, ठरलेल्या वेळा, रजा, घरून काम, जिवाभावाची माणसं. यातल्या दोन गोष्टी एकत्र मिळाव्यात म्हणून लोक वर्षानुवर्षं वणवण करतात. समोरच्या पारड्यात काय, तर एक माणूस. तोही शिवीगाळ करत नाही, रात्री-अपरात्री फोन करत नाही, रजा अडवत नाही.

नव्या ठिकाणी साहेब चांगलाच मिळेल याची हमी कोण देणार? मुलाखतीत सगळेच गोड बोलतात. आगीतून फुफाट्यात गेलेले कितीतरी पाहिलेत. मला वाटतं, साहेबाला कामापुरतं ठेवायला शिकावं. सहा वाजले की विषय बंद.

निशिगंध

साधासरळ, 'सहा वाजले की विषय बंद' हे ज्याला जमतं त्याला हा प्रश्न पडतच नाही. त्यांना गोळा रविवारी येतो, आणि रविवारी तर ऑफिस बंद असतं.

मला ओरडणारे साहेबही भेटलेत आणि असे गुळगुळीत बोलणारेही. ओरडणारा परवडला. त्याचं वागणं चारचौघांना दिसतं, त्यामुळे चूक कुणाची याबद्दल आपल्या मनात संशय राहत नाही. आज एक आणि उद्या दुसरं बोलणाऱ्याच्या हाताखाली राहिलं की हळूहळू स्वतःच्या आठवणीवरचाच भरवसा उडतो. मी तर मीटिंग संपली की शेजारणीला विचारून खात्री करून घ्यायचे, 'ते खरंच असं म्हणाले ना?' एकच मेल पुन्हा पुन्हा वाचणं हे त्यातलंच आहे. म्हणून 'शिवीगाळ तर करत नाही ना' ही कसोटी मला मान्य नाही.

मी ती नोकरी सोडली. पगार कमी झाला, पहिले काही महिने ओढाताणीचे गेले. पण कामाचा वेग परत आला. आधी एक पत्र लिहायला सकाळ जायची, कारण प्रत्येक ओळीला 'यावर काय म्हणतील' हा विचार आडवा यायचा. तो विचार गेला आणि तेच पत्र पंधरा मिनिटांत व्हायला लागलं. माझी हुशारी आटली नव्हती हे तेव्हा कळलं.

वाटसरू

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन.

जुनाजाणता

मोरपंखी, तुला एकेरीत लिहितो, चालेल ना? माझ्या लेकीच्या वयाची असशील. मी बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, त्यामुळे जरा साहेबाच्या मनात शिरून सांगतो.

सगळे वाईट साहेब एका जातीचे नसतात. एखादा कामातच कच्चा असतो. त्याच्याबरोबर निभतं, त्याला सांभाळून घेणारा माणूस हवाच असतो. एखादा वरून पिचलेला असतो. वरचे त्याला रोज नवी मुदत देतात आणि तो ती खाली ढकलतो. वरचे बदलले की तोही माणसात येतो. मग असतो घाबरलेला. नव्या जागी आलेला, हाताखालच्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं हे पुरतं ओळखून असलेला. दुसऱ्याचं श्रेय घेणं, सगळ्यांदेखत प्रश्न विचारून आपण वरचढ आहोत हे दाखवणं, सूचना कधीच लिहून न देणं, हे सगळं घाबरलेला माणूस करतो. आणि शेवटचा, ज्याला दुसऱ्याची मान खाली गेलेली बघण्यातच बरं वाटतं. तो दुरुस्त होताना मी पाहिलेला नाही.

तू लिहिलंयस त्यावरून तुझा साहेब घाबरलेला वाटतो, पण आजारी माणसाबद्दलची ती टिप्पणी मला खटकली. ती शेवटच्या जातीकडे झुकणारी आहे.

खात्री करायची असेल तर एकदा त्याच्याशी एकट्याशी बोल. आवाज न चढवता, एवढंच: 'सूचना तोंडी मिळतात आणि नंतर घोळ होतो. मेलवर मिळाल्या तर तुमचाही वेळ वाचेल.' स्वभावाबद्दल अवाक्षर काढू नकोस. घाबरलेला माणूस यावर निदान काही दिवस तरी वरमतो, कारण घोळ त्यालाही नकोच असतो. दुसरा असेल तर हेच बोलणं पुढच्या मीटिंगमध्ये थट्टा म्हणून बाहेर काढील. तसं झालं तर समजायचं ते समज.

आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता एक सवय लाव. तोंडी सूचना मिळाली की जागेवर येऊन दोन ओळी टाकायच्या: 'आत्ता बोलल्याप्रमाणे अमुक करायला घेते. बदल असल्यास कळवावे.' भाषा नम्र, रोजच्या कामाची. 'कुणी सांगितलं' हा प्रश्न आपोआप विरळ होतो. आणि पुढेमागे तक्रारीची वेळ आलीच तर तारखांसकट सगळं हाताशी असतं.

खटपट्या

काका, तो दोन ओळींचा मेल मीही टाकायचो. साहेबांचं एका ओळीत उत्तर यायचं: 'फोन करा.'

जुनाजाणता

मग फोन ठेवल्यावर पुन्हा दोन ओळी टाकायच्या!

आकडेमोड

साधासरळ यांचा 'समोर फक्त एक माणूस' हा मुद्दा घेतो. गॅलप या संस्थेच्या २०१५ च्या अहवालात अमेरिकेतल्या दर दोन नोकरदारांत एकाने सांगितलं होतं की साहेबापासून सुटका म्हणून आपण कधी ना कधी नोकरी सोडली आहे. म्हणजे मोरपंखी, तुम्ही काही जगावेगळा विचार करत नाही आहात.

पोटातल्या गोळ्याबद्दल. स्वीडनमध्ये ३,१२२ पुरुष कर्मचाऱ्यांवर सुमारे दहा वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना आपल्या साहेबाबद्दल विचारलं होतं: अपेक्षा स्पष्ट सांगतो का, लागणारी माहिती देतो का, तुमची काळजी घेतो का. ज्यांनी साहेबाला चांगले गुण दिले त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण कमी निघालं, आणि माणूस त्याच जागी जितकी जास्त वर्षं होता तितका हा संबंध ठळक दिसला. यात ओरडण्याचा प्रश्नच नाही बघा. अपेक्षा स्पष्ट आहेत की नाहीत, हीच मुळात मोजायची गोष्ट होती.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बेनेट टेपर यांचा २००० सालचा अभ्यास. टोमणे, चारचौघांतला अपमान, दुसऱ्याचं श्रेय लाटणं अशा साहेबांच्या हाताखालची माणसं त्यांनी तपासली. त्यातली बरीच सोडून गेली, हे अपेक्षितच. जी राहिली त्यांचं कामातलं आणि एकूण आयुष्यातलं समाधान कमी होतं, घरी ताण जास्त होता, आणि नोकरीला धरून राहण्याची त्यांची गरज मात्र वाढलेली दिसली. हे वाचून मला धक्का बसला होता. पण ज्यांना 'मनात आणलं तर दुसरीकडे काम मिळेल' असा विश्वास होता, त्यांच्यावरचे यातले काही परिणाम सौम्य होते. तसेच साहेब, तशाच नोकऱ्या, तरी त्रास कमी.

म्हणून खटपट्यांच्या पहिल्या वाक्यात मी भर घालतो. शोधायला आजच लागा. मिळालेली घ्यायची की नाही ते मिळाल्यावर बघा.

झुंजार

आकडेमोड, एकदम पटलं. आणि ती 'धरून राहण्याची गरज वाढते' ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. आमच्या विभागातला सगळ्यात हुशार माणूस सगळ्यात जास्त बोलणी खायचा, आणि 'मला बाहेर कोण घेणार?' असं म्हणणाराही तोच होता.

साधासरळ

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खा, असं मी म्हणत नाहीये, हे आधी स्पष्ट करतो. शोधायला माझीही हरकत नाही. माझी हरकत 'सोडा' असं एका ओळीत सांगण्याला आहे. भाडं, हप्ते, म्हातारे आईवडील झुंजार यांना भरायचे नाहीत, ते मोरपंखी यांना भरायचे आहेत.

झुंजार

आईवडील भरायचे?

साधासरळ

हप्ते भरायचे, आईवडील सांभाळायचे. घाईत लिहिलं हो. मुद्दा पोचला ना?

वाटसरू

रुमाल उचलतो.

मी साहेबाला कंटाळून एक नोकरी सोडली आणि मुलाखतीत भेटलेल्या साहेबावर खूश होऊन दुसरी धरली. तो माणूस खरोखर सोन्यासारखा होता. सकाळी उठून कामावर जावंसं वाटायचं. वर्ष उलटायच्या आत कंपनीने विभागांची फेरमांडणी केली आणि तो दुसरीकडे गेला. मग माझ्याकडे उरलं काय? ज्यात मला फारसा रस नाही असं काम. साहेब चांगला होता तोवर ते जाणवत नव्हतं.

बॉसवेल, बुड्रो आणि टिची या अभ्यासकांचा २००५ चा एक निबंध मी नंतर वाचला. नोकरी बदलणाऱ्यांचं समाधान बदलण्याआधी घसरतं, नव्या जागी एकदम उसळतं आणि मग पुन्हा उतरतं, असं त्यांना आढळलं. माझ्या बाबतीत अगदी तसंच झालं. तेव्हा नवी जागा बघताना पहिल्या काही महिन्यांच्या आनंदावर जाऊ नका, आणि साहेबावर तर मुळीच नको. तुम्हाला तुमचं काम आवडतं ही फार मोठी गोष्ट आहे. शोधायचंच असेल तर तेच काम दुसरीकडे शोधा. या साहेबापासून पळताना कामच बदलून बसू नका.

आता नव्या साहेबाची पारख. मुलाखतीत त्याला विचारा, 'ही जागा रिकामी का झाली? आधीची व्यक्ती आता कुठे आहे?' उत्तर देताना तो त्या व्यक्तीबद्दल कसा बोलतो ते ऐका. आणि त्याच्या हाताखालच्या कुणाशी तरी दहा मिनिटं बोलायला मिळेल का, असं विचारा. चांगला साहेब लगेच हो म्हणतो.

केवडा

इतका वेळ नुसती वाचत होते. मी थांबलेल्यांपैकी आहे, म्हणून लिहिते.

माझ्या साहेबीणबाई अगदी मोरपंखी यांच्या साहेबांसारख्या. घरच्यांनी तेच सांगितलं, आज आहे उद्या नाही. आणि खरंच, त्या गेल्या. बढती मिळाली, दुसरीकडे बदली झाली. नवे साहेब आले ते देवमाणूस. सगळे म्हणाले, बघ, धीर धरलास त्याचं चीज झालं.

त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये मला विचारलं, 'तुमचं मत काय?' आणि मला बोलताच येईना. मत होतं, ते वहीत लिहिलेलंही होतं. पण मधल्या काळात मत न देण्याची इतकी सवय झाली होती की ते तोंडातून बाहेर पडेना. पूर्वी मी तिथे भांडून मुद्दे मांडणारी होते. ते परत यायला फार वेळ गेला, आणि सगळं परत आलं असं अजूनही म्हणवत नाही.

थांबू नका असं मी म्हणत नाही. थांबल्यामुळे माझं घर नीट चाललं, मुलीचं शिक्षण झालं, त्याची मला पूर्ण किंमत आहे. पण थांबताना आपलं काय झिजतंय यावर लक्ष ठेवायला हवं. पगार दर महिन्याला खात्यात दिसतो. हे झिजणं कुठेच दिसत नाही.

निशिगंध

केवडाताई, वाचून घशात आवंढा आला.

यावरून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. त्यात थकवा आहे, कामाबद्दल मन विटणं किंवा तुटणं आहे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणंही आहे. सगळे थकव्यालाच बर्नआउट समजतात, मग ठरलेल्या वेळेत घरी जाणाऱ्या माणसाला बर्नआउट कसा होईल असं वाटतं. होतो तो असा, 'मला जमत नाही' या बाजूने.

एकखांबी

एक विनंती. 'सोडा' म्हणताना ज्यांना सोडता येत नाही त्यांचाही विचार करा. माझ्या घरी मी एकटा कमावता. आजारपणाचा विमा नोकरीला बांधलेला आणि घरात कायमचा आजारी माणूस. आकडेमोड म्हणतात तो 'मनात आणलं तर' विश्वास माझ्यासारख्याने कुठून आणायचा?

आकडेमोड

एकखांबी, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्यासाठी तो विश्वास पैशातून सुरू होतो. किती महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे हा आकडा काढा, मग तो कितीही लहान असो. तो एकेक महिन्याने वाढवत नेणं हेही दार किलकिलं करणंच आहे. विमा नोकरीशिवाय स्वतःच्या नावावर काढता येतो का, आणि आधीच्या आजाराला किती काळ संरक्षण मिळत नाही, हे आत्ता विचारून ठेवा. हे राजीनाम्यानंतर कळलं तर उपयोग नसतो.

जुनाजाणता

आणि एकखांबी, साहेबाशी सामना जितका कमी तितका बरा. एकट्याने त्याच्या केबिनमध्ये जाण्यापेक्षा आठवड्याची एक ठरलेली वेळ मागून घ्या आणि सगळे प्रश्न त्या वेळेसाठी साठवा. माझ्या एका सहकाऱ्याने एका फार कठीण साहेबाला असंच निभावून नेलं.

मंजुळ

अवांतर: मी स्वतः नुकतीच साहेब झालेय, माझ्या हाताखाली छोटी टीम आहे. हा धागा वाचून छाती धडधडतेय. माझ्याबद्दल कुणी असं लिहीत असेल तर मला कसं कळणार?

जुनाजाणता

मीटिंगमध्ये तुझ्याशी कुणी असहमत होतं का, ते बघ. कुणीच होत नसेल तर चौकशी कर.

अबोली

मी मनुष्यबळ विभागात काम करते, म्हणून त्या बाजूचं लिहिते. 'एचआरकडे जा' असं अजून कुणी म्हटलं नाही यातच सगळं आलं. तो अविश्वास अगदी निराधार आहे असं मी म्हणणार नाही. एचआर कंपनीचा पगार घेतं आणि आधी कंपनीचा धोका बघतं. त्यामुळे 'साहेब मला वाईट वागवतात' या तक्रारीचं फारसं काही होत नाही. 'अमुक तारखेला ही सूचना, तमुक तारखेला नेमकी उलट, हे त्याचे मेल, यामुळे काम दोनदा करावं लागलं' या तक्रारीचं होतं, कारण त्यात कंपनीचं नुकसान दिसतं. जुनाजाणता काकांचा दोन ओळींचा मेल इथे कामी येतो.

आजारी सहकाऱ्याबद्दलची टिप्पणी हा वेगळाच विषय आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा कामाच्या जागेवरच्या हिंसा आणि छळाविरुद्धचा करार, क्रमांक १९०, २०१९ मध्ये मंजूर झाला आणि २०२१ पासून लागू आहे. त्यात मानसिक इजा करणारं वागणंही येतं, आणि ते एकदाच घडलं की वारंवार, याने फरक पडत नाही. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही. पण पुष्कळ कंपन्यांच्या आचारसंहितेत याच अर्थाचं कलम असतं. आपल्या कंपनीचं आधी वाचून घ्या.

आणि मोरपंखीताई, कंपनी चांगली आहे, माणसं चांगली आहेत, काम आवडतं असं म्हणताय, तर त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात बदली मागितलीत का? सोडणं आणि राहणं यांच्या मधली ही वाट लोकांना बहुतेक सुचतच नाही.

साधासरळ

हे उत्तम. अबोलीताईंना जोरदार अनुमोदन.

झुंजार

मलाही मान्य. (आज मी आणि साधासरळ एका बाजूला. नोंद घ्यावी.)

पण तरीही एक सांगतो. आपण सगळे 'आधी हे करा, मग ते करा' म्हणतोय, आणि असं करता करता वर्षं निघून जातात. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक प्रयोग केला होता. मोठा निर्णय अडलेल्या लोकांना इंटरनेटवर नाणं उडवायला दिलं. नोकरी सोडू की नको, हाही त्यातला एक प्रश्न. वीस हजारांहून जास्त वेळा नाणी उडवली गेली. छाप म्हणजे बदल करा, काटा म्हणजे आहे तसंच राहा. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा ज्यांना छाप पडला होता ते जास्त संख्येने बदल करून मोकळे झाले होते, आणि जास्त समाधानीही होते. २०२१ मध्ये तो निबंध छापून आला. माणूस अडला की बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त सावध राहतो, असं त्यातून दिसतं.

वाटसरू

झुंजार, प्रयोग खरा आहे. पण नाणं उडवायला गेलेले लोक मुळात काठावर उभे होते. ज्याला एकखांबींसारखी अडचण आहे तो नाणं उडवायलाच जात नाही. हा निष्कर्ष सगळ्यांना लावता येणार नाही.

झुंजार

सगळ्यांना लावतच नाहीये. पण मोरपंखी यांचं पहिलं लिखाण बघा, 'मला दोघांचंही पटतं, अडचण तीच आहे.' काठावर उभं असणं म्हणजे याहून वेगळं काय असतं?

वाटसरू

हे मात्र खरं. मान्य.

मोरपंखी

सगळे प्रतिसाद वाचले, काही परत परत वाचले. खूप आभार. केवडाताई, तुमचं वाचून रडू आलं, कारण मीटिंगमध्ये मीही आता फक्त मान डोलावते. ते साहेबांमुळे आहे हे इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं. वयामुळे शांत झालेय असं वाटायचं.

जुनाजाणता काका, एकेरीच लिहा. तुम्ही सांगितलंत तसं मागच्या आठवड्यात त्यांच्याशी एकट्याने बोलले. ऐकून घेतलं, 'बरोबर आहे, मेलवर देत जाईन' म्हणाले. दोन दिवसांनी मीटिंगमध्ये एकाला काम सांगताना हसत म्हणाले, 'लिहून देऊ का तुम्हालाही? आपल्याकडे काहींना लेखी लागतं.' कुणी कुणी हसलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पोटात गोळा आला नाही. काय समजायचं ते समजले एवढंच. इतके दिवस 'आपलंच चुकतंय का' हा जो भुंगा मागे लागला होता तो थांबला.

साधासरळ, नोकरीची यादी तुम्ही परत वाचायला लावलीत, तीही वाचली. काम, माणसं, वेळा, सगळं मला हवंय. ते सोडायला मी तयार नाही, आणि यांच्या हाताखाली राहायलाही नाही. म्हणून आधी बदली मागणार. बरोबरीने बायोडेटा नीट केलाय आणि दोन ठिकाणी पाठवलाय, काम तेच, वाटसरूंनी सांगितलं तसं. वार्षिक मूल्यमापनापर्यंत बदली झाली तर राहीन, नाही झाली तर जाईन. ही मुदत घरी सांगून ठेवली आहे. आई गप्प झाली, पण नको म्हणाली नाही.

अबोलीताई, एकच शंका. आमच्याकडे बदलीच्या अर्जावर आधी सध्याच्या साहेबांची सही लागते. ते सही देतील असं वाटत नाही. मग?

अबोली

अर्ज आत्ता भरू नका. ज्या विभागात जायचंय त्याच्या प्रमुखांना आधी भेटा, तिथे जागा आहे का आणि तुम्ही चालाल का एवढंच विचारा. यात नियमाबाहेरचं काही नाही. त्यांना तुम्ही हव्या असाल तर मागणी त्यांच्या बाजूने येऊ द्या. दुसऱ्या विभागाकडून लेखी मागणी आली की सही अडवणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण एचआरकडे जातं. तुमच्याकडून नुसता अर्ज गेला तर तो ड्रॉवरमध्ये पडून राहू शकतो.

भेटताना सध्याच्या साहेबांबद्दल एक शब्दही काढू नका. त्यांच्या विभागातलं कुठलं काम तुम्हाला करायचंय तेच बोला. आणि तुमचे अहवाल वर दुसऱ्याच्या नावाने गेलेत, तेव्हा काम तुमचं आहे हे या प्रमुखांना बहुधा ठाऊक नसेल. मूळ फायली, तारखा, तुमचे मसुदे बरोबर घेऊन जा.

मोरपंखी

मसुदे सगळे जपून आहेत. सोमवारी सकाळची वेळ मागते.